ग्रंथपाल व अभिलेखपाल यांचा व्यवसाय आणि त्याचे शिक्षण

गारखेडा हे एके काळी औरंगाबाद शहराबाहेरचे खेडे होते. आज ते छत्रपती संभाजीनगर महानगरपालिकेच्या हद्दीत असून सूतगिरणी चौक व विभागीय क्रीडा संकुल यांच्या आसपास दाट वस्ती झाली आहे. जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून आलेली पुष्कळ मुले-मुली अशा वस्त्यांत खोली घेऊन राहतात व सशुल्क अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. अभ्यासिकेत मेज, दिवा व शांतता मिळते. पुस्तके बहुधा ज्याची त्याने आणावयाची असतात. त्यामुळे ग्रंथालय म्हणजे बसण्याची जागा, असा समज रूढ होऊ पाहत आहे. आणि यांपैकी कित्येक जण ज्या व्यवसायास योग्य ठरतील त्याचे नावही त्यांच्या कानी पडत नाही. प्राथमिक शिक्षकांनी या व्यवसायाची माहिती करून घेणे अगत्याचे आहे. एक तर पालक त्यांनाच विचारतात. आणि दुसरे असे, की शाळेचे पुस्तकांचे कपाट व जुनी दप्तरे सांभाळण्याचे काम कोणत्याही प्रशिक्षणावाचून त्यांच्याच अंगावर येत असते.

पूर्वी ग्रंथपाल म्हणजे किल्ल्या सांभाळणारा इसम, अशीच कल्पना होती. ती बदलण्याचा पहिला संघटित प्रयत्न बडोदे संस्थानात झाला. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे १८६३ साली जन्मलेले महाराज सयाजीराव गायकवाड यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास १९१० साली पाचारण केले, आणि १९११ साली बडोद्यास ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. भारतातील तो पहिला होय. सक्तीच्या शिक्षणाने साक्षर झालेली मुले वाचावयास काही न मिळाल्यास पुन्हा निरक्षर होतील, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणूनच खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरविण्याची योजना तेथे अमलात आली. पुढे गणिताचे अध्यापक असलेले डॉ. रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले व १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम प्रसिद्ध केले. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. मराठवाडा ज्या हैदराबाद राज्यात होता तेथे असा कायदा १९५५ साली झाला, आणि महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा आहे.

या व्यवसायात शिकावयाचे तरी काय, असा प्रश्न साहजिक आहे. ग्रंथ आला की दाखल नोंदवहीत त्यास क्रमांक मिळतो. नंतर विषयानुसार वर्गीकरण होते. ड्युई यांच्या दशांश पद्धतीत प्राथमिक शिक्षणास ३७२, शेतीस ६३० व मराठी साहित्यास ८९१.४६ हे अंक आहेत. त्यानंतर लेखक, शीर्षक व विषय यांवरून ग्रंथ सापडावा म्हणून तालिका करावयाची. हे काम आता बहुतेक ठिकाणी संगणकावर होते. परंतु खरे कसब संदर्भसेवेत आहे. एखादा शेतकरी ‘डाळिंबावरचे पुस्तक’ मागतो, तेव्हा त्यास लागवड हवी आहे की रोगनिवारण, हे दोन-तीन सौम्य प्रश्नांनी काढून घ्यावे लागते. वर्गावर शिकविलेल्या मनुष्यास हे काम लवकर साधते.

दहावी उत्तीर्ण उमेदवारासाठी राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाच्या नियंत्रणाखाली काही महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग असतो. लहान सार्वजनिक वाचनालयास तेवढे शिक्षण पुरते. पदवीनंतर एक वर्षाची ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी व तदनंतर पदव्युत्तर पदवी घेता येते. हा विभाग शहरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आहे. नोकरी करणाऱ्यांस नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची सोय आहे. महाविद्यालयीन ग्रंथपाल होण्यास पदव्युत्तर पदवीपुढेही पात्रता परीक्षा द्यावी लागते.

मार्गदर्शन करताना शिक्षकांनी एक गोष्ट मात्र दडवू नये. महाविद्यालये व शासकीय संस्था यांतील जागा मोजक्या आहेत, आणि अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांतील सेवकांचे वेतन अगदी तुटपुंजे असून वेतनश्रेणीची त्यांची मागणी जुनी आहे. ज्या घरास मुलाच्या पहिल्या पगाराची निकड आहे, तेथे हे आधी सांगणे न्याय्य होईल.

याच व्यवसायाची दुसरी शाखा अभिलेखांची. ग्रंथाच्या अनेक प्रती असतात. अभिलेख मात्र एकमेव असतो, तो गेला की गेलाच. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे मुख्य ठाणे मुंबईस असून पुण्यात पेशवे दप्तर आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या विषयाची एक वर्षाची पदविका मिळते. मोडी वाचनाचे वर्गही संचालनालयातर्फे भरतात. या कसबाची किंमत मराठवाड्यास अलीकडेच कळली. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी प्रवेश रजिस्टरेही उघडली गेली. निजामी राजवटीत दप्तराची भाषा उर्दू होती. त्याखेरीज मोडीतील कागद होतेच. ते वाचणारी माणसे पुरेशी मिळेनात. ज्या लिपीस निरुपयोगी म्हणून बाजूस टाकले, तिचे जाणकार तालुक्या-तालुक्यांत शोधावे लागले.

शाळेतील दाखल-खारीज रजिस्टर हा असाच अभिलेख आहे. जन्मतारीख, जात, वडिलांचे नाव, गाव यांची साठ-सत्तर वर्षांपूर्वीची नोंद पुष्कळ घरांच्या बाबतीत केवळ तेथेच सापडते, व नातवाच्या प्रमाणपत्रासाठी कोणी वृद्ध गृहस्थ तीच शोधीत शाळेत येतात. तरीही ही रजिस्टरे खडूच्या खोक्यांखाली, ओल आलेल्या भिंतीलगत पडलेली आढळतात. प्रशिक्षित अभिलेखपाल प्रथम त्यांस भिंतीपासून दूर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवील, म्हणजे वाळवी व ओल दोन्ही टळतील. कसर लागली आहे काय हे तो पावसाळ्यापूर्वी व नंतर पान उलटून पाहील. फाटलेल्या पानास तो चिकटपट्टी लावणार नाही, कारण तिचा डिंक काही वर्षांनी पिवळा पडून अक्षरे खातो. पानांवर उष्णतेने प्लॅस्टिक चढविणे तर त्याहून घातक. ते पुन्हा काढता येत नाही. पातळ जपानी कागद व गव्हाच्या पिठाची खळ यांनी दुरुस्ती करावयाची असते, आणि तीही हात बसलेल्या माणसानेच. तोपर्यंत फाटके पान तसेच स्वच्छ कागदात गुंडाळून, वर रजिस्टराचे वर्ष लिहून ठेवावे. नोंदीची प्रत मागणारास मूळ रजिस्टर हाती न देता छायाचित्रावरून प्रत करून द्यावी, व कोणत्या दिवशी कोणते पान उघडले हे निराळ्या वहीत टिपावे.