अंधाऱ्या पाण्यातील जीवन

जेथे पोचणे कठीण, तेथे काहीच नसेल, असे मनुष्यास सहज वाटते. खोल समुद्राविषयी एके काळी असाच समज होता. एडवर्ड फोर्ब्ज या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४३ साली असे मत मांडले, की समुद्रात सुमारे साडेपाचशे मीटरांखाली जीवसृष्टी नसावी. तेथे सूर्यप्रकाश नाही, थंडी कडाक्याची आणि पाण्याचा दाब प्रचंड. त्यामुळे हे मत अनेकांस पटले. परंतु पुढे मायकेल सार्स व त्यांचा पुत्र गेऑर्ग या नॉर्वेतील शास्त्रज्ञांनी उत्तरेकडील लोफोटेन बेटांजवळ समुद्राचा तळ खरवडून पाहिला. जवळजवळ तेवढ्याच खोलीवरून देठावर उभे राहणारे, फुलांसारखे दिसणारे प्राणी वर आले! त्यांस समुद्रलिली म्हणतात.

उत्तरेकडील थंड समुद्राचा अभ्यास आज भारतीय शास्त्रज्ञही करीत आहेत. गोव्यातील वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. त्याच्या देखरेखीखाली चालणारे 'हिमाद्री' हे संशोधनस्थानक १ जुलै २००८ रोजी स्वालबार्ड बेटांवर सुरू झाले. तेथून उत्तर ध्रुव अवघा सुमारे बाराशे किलोमीटर आहे. जवळच कोंग्सफियोर्ड नावाची, हिमनद्यांनी डोंगरांत कोरलेली खोल खाडी आहे. २३ जुलै २०१४ रोजी भारतीय शास्त्रज्ञांनी १९२ मीटर खोलीच्या जागी तेथे 'इंडआर्क' नावाचा उपकरणसंच सोडला. तळाशी जड वजन, वर तरंगणारे गोळे आणि मधल्या दोरास बांधलेली उपकरणे, अशी अशा संचाची रचना असते. पाण्याचे तापमान, खारेपणा व प्रवाह यांची नोंद तो माणसाच्या मदतीवाचून करीत राहतो.

अशा उपकरणांची गरज का भासते? तेथे हिवाळ्यात सुमारे चार महिने सूर्य उगवतच नाही. या दीर्घ रात्रीत पाण्यातील जीव जणू निद्रिस्त असतात, असे पूर्वी मानीत. मात्र याच खाडीत नॉर्वेच्या व इतर देशांच्या संशोधकांनी पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपले, तेव्हा सूक्ष्म प्राणी अंधारातही वरखाली ये-जा करताना आढळले. क्षितिजाखालील सूर्याचा अत्यंत मंद उजेड आणि चंद्राचा प्रकाशही त्यांस पुरतो. समुद्रपक्षी त्या काळोखात भक्ष्य शोधीत होते!

या सूक्ष्म प्राण्यांत कोपेपॉड हे मुख्य होत. तांदळाच्या कणीएवढा हा जीव उन्हाळ्यात चरबी साठवितो. थंड पाण्यातील जातीत ती विशेष भरपूर असते. लिटल ऑक नावाचा समुद्रपक्षी तीच जात वेचून आपल्या पिलास भरवितो. परंतु अटलांटिक महासागराचे उबदार पाणी खाडीत अधिक प्रमाणात शिरले, तर त्याबरोबर कमी चरबीची लहान जात येते. मग तितक्याच अन्नासाठी पक्ष्यास अधिक खटपट करावी लागते. पाणी थोडे तापले, तर घरट्यातील पिलास त्याची झळ पोचते, ती अशी.

उत्तरेकडील समुद्रातील हे बदल आणि आपला मोसमी पाऊस यांचा संबंध शोधण्याचे कामही गोव्यातील केंद्र करते. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम निघाली. जेथे उजेड नाही, तेथे जीवन नाही, असे मानून ते शास्त्रज्ञ घरी बसले नाहीत. प्रत्यक्ष पाहिल्यावाचून 'नाही' म्हणू नये, हाच विज्ञानाचा पहिला पाठ होय.