जमिनीला किती वेळा मारणार?

नुकतं चालायला लागलेलं मूल धपकन पडतं. आजी धावत येते आणि फरशीला चापट मारते, "कुणी पाडलं आमच्या सोन्याला? हात रे!" रिवाज प्रेमाचा आहे, पण नेमाने पाळायचा ठरवला तर संध्याकाळपर्यंत आजीचा हात सुजेल.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना मोकळं खेळू दिलं आणि चित्रीकरण पाहून पावलं मोजली. २०१२ साली आलेला हिशेब असा : तासाला सरासरी २,३६८ पावलं, ७०१ मीटर अंतर आणि १७ वेळा पडणं. भागाकार केला तर एक पाऊल जेमतेम ३० सेंटिमीटरचं, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढं. दिवसातले सहा तास अशी भटकंती धरली, तर १४,००० पावलं, चार किलोमीटर आणि शंभरेक आपट्या. मनगटावर घड्याळ बांधून १०,००० पावलांचा नेम करणारे बाबा मागेच पडले!

डोक्यातली लगबग तर याहून मोठी. जन्मताना डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो, पहिल्या वाढदिवसाला ४६ च्या आसपास. म्हणजे एका वर्षात अकरा सेंटिमीटर. पुढे मोठं होईपर्यंतची सगळी वाढ मिळून दहाएक. टाळू भरताना आपण ज्यावर तेल जिरवतो, त्या मेंदूत पहिल्या काही वर्षांत दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक नव्या जोडण्या होतात, असा हार्वर्ड विद्यापीठाच्या बालविकास केंद्राचा अंदाज आहे. मालिश-आंघोळीला वीस मिनिटं लागली, तर तेवढ्यात १२० कोटी.

गंमत म्हणजे यातल्या कितीतरी पुढे मोडायच्याच असतात. शिकागोचे पीटर हटनलॉकर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या जोडण्या मोजत बसले. १९७९ साली त्यांनी दाखवलं, की मेंदूच्या पुढच्या भागात एक-दोन वर्षांच्या वयात जोडण्यांची दाटी मोठ्या माणसाच्या सुमारे दीडपट असते आणि सोळाव्या वर्षापर्यंत ती उतरत जाते. शेतकरी दाट पेरतो आणि मग विरळणी करतो, तसंच. इथे कुठलं रोप राखायचं, ते बऱ्याच अंशी वापरावर ठरतं.

ही विरळणी कानालाही कळते. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना कळला, कारण त्यांच्या घरात त्या फरकाचं कामच पडत नव्हतं. आपल्याकडचं बाळ 'ताक' आणि 'टाक' दोन्ही रोज ऐकतं, म्हणून त्याचा कान शाबूत राहतो. हा निकाल लागायला अवघे चार-पाच महिने पुरतात.

मग पाळी येते जिभेची. तीही पडत-धडपडतच चालायला शिकते. एमआयटीतले डेब रॉय यांनी स्वतःच्या घरात ११ कॅमेरे आणि १४ मायक्रोफोन बसवून मुलाची पहिली तीन वर्षं टिपली : ९०,००० तासांची दृश्यं, १,४०,००० तासांचा आवाज. त्यात एक प्रवास सापडला. पाण्याला 'गागा' म्हणणारं मूल 'वॉटर' म्हणेपर्यंत सहा महिने गेले. एका शब्दाला सहा महिने!

आता पुन्हा फरशीकडे येऊ. २०२१ साली अडॉल्फ यांच्याच प्रयोगशाळेने १३८ मुलांच्या ५६३ आपट्या तपासल्या. मुलांनी कुरकूर केली ती शंभरात फक्त चार वेळा. बाकी वेळी काही सेकंदांत स्वारी पुन्हा खेळायला लागली.

तेव्हा आजी, जिना आणि गॅलरी यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, पण सपाट फरशीला मारायला उचललेला हात जरा आवरा. आज तिच्याकडे अजून नव्याण्णव आपट्यांची शिकवणी बाकी आहे.