गढूळ पाण्यातला कॅमेरा

समुद्र धुंडाळणारा माहितीपटकार म्हटलं की अजूनही जाक-ईव कुस्तोच डोळ्यांसमोर येतो. लाल लोकरी टोपी, काटक बांधा, मागे ‘कॅलिप्सो’ नौका. 1943 साली एमिल गान्याँ या अभियंत्याबरोबर त्याने पाठीवर बांधून बुडी मारायचं श्वसनयंत्र घडवलं, पुढे सुरुंग काढणाऱ्या एका जुन्या युद्धनौकेची संशोधननौका केली आणि 1956 साली लुई मालबरोबर केलेल्या ‘द सायलेंट वर्ल्ड’साठी कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक आणि ऑस्करही मिळवलं. हेवा वाटावा असंच हे आयुष्य. पण ते ज्या गोष्टीवर उभं होतं तिचा उल्लेख फारसा कुणी करत नाही: पाणी नितळ होतं. तोच कॅमेरा वसईच्या पाचूबंदरासमोर पाण्यात सोडला तर मातकट अंधाराखेरीज हाती काही लागणार नाही. उत्तरेला खंबातच्या आखातात नर्मदा, तापी, मही गाळ ओततात, इथे वैतरणा आणि उल्हास आपापली भर घालतात आणि उधाणाच्या भरती-ओहोटी तो गाळ खाली बसूच देत नाहीत. महाराष्ट्रात पाण्याखालचं चित्रीकरण म्हटलं की सगळे मालवण-तारकर्लीला धावतात ते काही उगाच नाही. परिणाम असा, की राज्याचा उत्तरेकडचा समुद्र पडद्यावर जवळजवळ नाहीच. आणि जो समुद्र कुणी पाहिलेला नाही, त्याच्यात काय टाकलं आणि त्याच्यातून काय ओरबाडलं याचा जाबही कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं, की या किनाऱ्याला कुस्तोची वाट पाहण्याची गरज नाही. इथला शोध पाण्याखाली उतरून होणारा नाही. तो जाळ्यातून वर येतो, आणि तो टिपणारे हात बोटीवर आधीपासून आहेत.

डोल जाळ्याचं काम बघितलं की हे पटतं. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना दोर बांधून शंकूसारखं लांबलचक जाळं प्रवाहाच्या तोंडाशी उघडं ठेवायचं. तोंडाशी जाळ्याचे आस (छिद्रं) मोठे, मागे मागे बारीक होत गेलेले. मासळीचा पाठलाग इथे नाही, पाणीच तिला आत आणून सोडतं. म्हणून बोट चालवणाऱ्या तांडेलाचा सगळा हिशेब तिथीवर चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात, तेव्हा जाळी भरतात. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी मंद आणि बोट बहुधा बंदरात. प्रवाह उलटायच्या आत जाळं वर घ्यावं लागतं, मग ती वेळ दुपारची असो की पहाटे तीनची. पाणी थांबल्याची ती थोडकी वेळ ओळखणं हे शास्त्रच आहे, फक्त ते कुठल्या प्रबंधात लिहिलेलं नाही. समुद्रात कुणाची कव, म्हणजे खुंट रोवायची जागा, कुठे, यावरून वसई-उत्तनकडच्या आणि सातपाटी-डहाणूकडच्या मच्छीमारांत वर्षानुवर्षं वाद आहेत. वरून एकसारख्या दिसणाऱ्या पाण्याखाली वहिवाटीच्या रेषा आहेत, हे त्या वादांमुळेच बाहेरच्यांना कळतं.

जाळं फळीवर रितं झालं की त्या गढूळ अंधाराचा नमुनाच समोर पडतो. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा, मधूनच एखादा समुद्रसाप, आणि अलीकडे न चुकता प्लास्टिक. किनाऱ्यावर आल्यावर ओले बोंबील वाळवायला वलांडीवर चढतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर अलीकडे-पलीकडे टाकायची. त्यांचे मागे वळलेले सुईसारखे दात एकदा गुंतले की वाऱ्याने सुटत नाहीत. हे अडकवणारे हात बहुतेक बायकांचे, आणि वेग असा की नजर मागे पडते. त्या वासाला नाक मुरडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: ताज्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते उडून गेल्यावर जे उरतं त्यावर पावसाळ्यात घर चालतं. यंदाचा बोंबील बोटभर छोटा आहे की मागच्यासारखाच, हे त्या वलांडीवर कुठल्याही अहवालाच्या आधी कळतं. तिथे कॅमेरा मात्र नसतो.

कॅमेरा येतो तो वेगळ्याच कारणाने. 2000 साली माइक पांडे यांनी ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट केला. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची कत्तल कशी चालते, हे त्यात लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. त्याची ताकद निळ्याशार पाण्यात नव्हती, किनाऱ्यावर ओढून आणलेल्या त्या अवाढव्य देहांत होती. पुढच्याच वर्षी, 2001 साली, व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण मिळालं. एका चित्रपटाने कायदा हलवल्याची इतकी सरळ उदाहरणं आपल्याकडे थोडीच आहेत. डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने त्यापुढचं पाऊल टाकलं: जाळ्यात व्हेल शार्क, कासव, डॉल्फिन असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी जास्तीत जास्त 25 हजार रुपये. पुरावा म्हणून फोटो किंवा चित्रफीत हवी. म्हणजे ज्या धंद्याकडे माइक पांडेंनी कॅमेरा रोखला होता, त्याच धंद्यातल्या माणसाच्या हाती सरकारने 25 हजारांच्या बोलीवर कॅमेरा दिला. अशा चित्रफितींत हलती फळी असते, इंजिनाची धडधड, कुणाची तरी ‘काप, काप’ अशी हाक, ओल्या बोटांनी धरलेला मोबाइल. जीव पाण्यात गेला की चित्रीकरण संपतं. कासव कुठल्या खोलीवर मिळालं, भरती होती की ओहोटी, त्याच जाळ्यात आणखी काय होतं, हे अर्जात कुणी विचारलेलं नसतं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: अर्ध्या मिनिटाची चित्रफीत काढणाऱ्याला माहितीपटकार म्हणणं हा शब्दांचा खेळ झाला, कुस्तोने त्यात जन्म घातला. मान्य. या फिती चित्रपट नाहीत. पण दर्या पाहण्यात जन्म घालण्याच्या बाबतीत तांडेल कुणाला हार जाणार नाही. त्याच्याकडे कमी आहे ते संकलन, संग्रह आणि श्रेय, आणि या तिन्ही गोष्टी संस्थांनी पुरवायच्या असतात. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. मच्छीमाराचा त्यात स्वार्थ आहे, 25 हजार मिळतात तेच तो दाखवणार. खरं आहे, पण हा नियम एकट्या कोळ्यालाच का? 1954 साली कुस्तो अबुधाबीजवळ एका ब्रिटिश तेल कंपनीसाठी समुद्रतळ तपासत होता, आणि त्याच्या मोहिमांना त्याच पैशाचा आधार मिळाला. ‘द सायलेंट वर्ल्ड’मध्ये तर मासे मोजायला प्रवाळात सुरुंग लावला आहे आणि नौकेच्या धडकेने मेलेल्या देवमाशाच्या पिल्लाभोवती जमलेले शार्क खलाशांनी त्वेषाने मारले आहेत, तेही कॅमेऱ्यासमोर. पुढे तोच माणूस समुद्ररक्षणाचा जगभरचा आवाज झाला. ते चित्रण जपून ठेवलं होतं, म्हणूनच आज आपण त्याला प्रश्न विचारू शकतो.

तिसरा आक्षेप मलाही अडवतो. समुद्र रिकामा करण्यात मच्छीमारांचाही वाटा आहे. डोल जाळ्याचे मागचे आस इतके बारीक असतात की पापलेटाची पिल्लंही त्यात जातात. एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने 2017 सालीच बंदी घातली, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. मग याच माणसांना साक्षीदार कसं मानायचं? सर्वनिक कौर यांच्या ‘अगेन्स्ट द टाइड’मध्ये या प्रश्नाचं उत्तर सापडतं. 2023 साली सनडान्स महोत्सवात विशेष ज्युरी पुरस्कार मिळवलेला हा चित्रपट मुंबईच्या दोन कोळी मित्रांचा. एक वडिलांच्या वाटेने किनाऱ्याजवळ मासेमारी करतो, दुसरा कर्ज काढून खोल समुद्रात दिव्यांच्या मागे लागतो. चित्रपट कुणालाच संत ठरवत नाही, आणि समुद्र आटल्याची कथा दोघांच्या भांडणातून जितकी कळते तितकी पाण्याखालच्या शंभर दृश्यांतून कळली नसती. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर प्रदीप पाताडे आणि त्यांचे सहकारी 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ उपक्रमातून ओहोटीच्या वेळी जीवांची नोंद करत आहेत. त्यांनाही पाण्यात बुडी मारावी लागली नाही. गढूळ समुद्र बघायची रीत वेगळी आहे, एवढंच.

पुन्हा वसईकडे येऊ. वसई-विरार महापालिका 2009 साली झाली, 2011 च्या जनगणनेत शहराने बारा लाखांचा टप्पा ओलांडला. यातले बहुतेक लोक लोकलने दक्षिणेकडे जातात. पश्चिमेला रोज काय वर येतं याची त्यांना गंधवार्ता नसते. उत्तरेला वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. त्याचा मासळीवर काय परिणाम होतो, यावर पुढची वीस वर्षं वाद होणार हे सांगायला ज्योतिषी नको. त्या वादात कंपन्यांकडे उपग्रहचित्रं असतील, सरकारकडे अहवाल असतील. अर्नाळा, नायगाव, पाचूबंदरच्या माणसाकडे ‘पूर्वी इतकी मासळी मिळायची’ हे एक वाक्य असेल, आणि ते कुठल्याही सुनावणीत टिकणार नाही.

कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने म्हणून दोन साध्या गोष्टी कराव्यात. 25 हजारांसाठी आलेली प्रत्येक चित्रफीत तारीख, ठिकाण, तिथी आणि चित्रण करणाऱ्याच्या संमतीने त्याच्या नावासह सार्वजनिक संग्रहात ठेवावी. आणि संरक्षित जीव नसला तरी महिन्यातून एकदा फळीवर रितं झालेलं पूर्ण जाळं चित्रित करणाऱ्या बोटीला मोबदला द्यावा. योजना आधीच चालू आहे, अर्ज आधीच छापलेला आहे. त्यात चार रकाने वाढवायचे आहेत.