आतड्यातले जिवाणू आणि झोप

प्रीबायोटिक म्हणजे आपल्याला न पचणारे, पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पोसणारे तंतू. ते आंबवून जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या 2017 सालच्या प्रयोगात असे तंतू असलेला आहार मिळालेल्या उंदरांची गाढ झोप वाढली. ताण दिल्यावर स्वप्नांची झोपही जास्त मिळाली. पण ते उंदीर होते, हे प्रीबायोटिकच्या पुड्या विकणारे सहसा सांगत नाहीत. झोपेशी संबंध असलेलं सेरोटोनिन हे रसायन शरीरात बहुतांशी आतड्यात बनतं, ही जाहिरातींची लाडकी ओळ. खरी आहे, मात्र ते सेरोटोनिन रक्तातून थेट मेंदूत शिरत नाही.

कांदा, लसूण, गहू, डाळी यांत हे तंतू असतातच. पूड घ्यायचीच तर थोडीथोडी. एकदम घेतली तर रात्रभर पोट फुगून राहतं.