उणे पाण्यातले पुढारी

उन्हाळा लागला की उजनी धरणाच्या काठावरच्या पाण्याच्या मोटारींचा प्रवास सुरू होतो. पाणी मागे हटतं, फुटव्हॉल्व्ह गाळात उघडा पडतो. मग मोटार, पाइप, केबल असं सगळं उचलून पाण्याच्या मागे न्यायचं. काही दिवसांनी पुन्हा तेच. मे महिन्यात करमाळ्याच्या बाजूला काय किंवा पलीकडे इंदापूरच्या बाजूला काय, पाइप जोडूनही भागत नाही. धरणाच्या उघड्या पडलेल्या तळातून चारी खोदून पाणी अलीकडे आणावं लागतं. पोकलेन एकट्याच्या खिशाला झेपत नाही. दहा-वीस शेतकरी एकत्र येतात आणि त्यांच्यातला कुणीतरी एक पुढे होतो. माणूस पुढारी कसा होतो हे बघायचं असेल, तर या चारीवर जाऊन उभं राहावं.

या धरणाची घडणच वेगळी आहे. माढा तालुक्यात भीमेवर १९६६ साली काम सुरू झालं, १९८० साली ते पूर्ण झालं. जलाशयाला नाव मिळालं यशवंत सागर. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला उपयुक्त साठा सुमारे ५३ टीएमसीच. निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात. उपयुक्त साठा संपला की टक्केवारी शून्याखाली मोजतात. म्हणून इथल्या पारावर ‘उजनी मायनसमध्ये गेली’, ‘उजनी प्लसमध्ये आली’ ही रोजची भाषा. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास पोचलं होतं. अशा वर्षी काठावरच्या मोटारींच्या विजेचे तास कमी होतात, खाली सोलापूर शहराला प्यायला पाणी हवं असतं, आणि इकडे ऊस-केळी डोळ्यांदेखत सुकत असते.

चारीवरच्या त्या माणसाला कुणी निवडून दिलेलं नसतं. त्याच्याकडे असते एक वही. कुणाची मोटार किती एचपीची, कुणी किती वर्गणी दिली, पोकलेन किती तास चाललं, डिझेल किती गेलं, सगळं त्या वहीत. कुणी हिशेब मागितला तर तो वही पुढे करतो. वर्गणीत पहिलं नाव स्वतःचं लिहायचं आणि चारीच्या तोंडाशी स्वतःची मोटार मात्र बसवायची नाही, एवढं ज्याला जमलं त्याच्या मागे लोक उभे राहतात. ज्याने तोंडाची जागा स्वतः धरली, त्याला पुढच्या वर्षी कुणी विचारत नाही. बोलण्याची हातोटी, घराण्याचं नाव यांचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण माझ्या मते भरवसा त्या वहीतूनच तयार होतो, आणि तो एका उन्हाळ्यात होत नाही.

जगात दुसरीकडेही हेच दिसलं आहे. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता चर्चच्या दारात पाण्याचं न्यायालय भरतं. आठ कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी आपल्यातूनच निवडलेले आठ जण तोंडी निवाडा देतात. कित्येक शतकं हे चालत आलेलं आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अशाच व्यवस्थांचा अभ्यास केला आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. ज्यांचं पाणी आहे त्यांनीच नियम केले आणि नियम मोडणाऱ्यावर त्यांनीच लक्ष ठेवलं, तर सामाईक गोष्ट टिकते, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे धुळे-नाशिकची, शेतकऱ्यांनीच पाणी वाटून घेण्याची फड पद्धत हीच साक्ष देते. तिथला पाटकरी हा पाणी देणारा माणूस, पण गावात त्याच्या शब्दाला वजन असतं.

चारीवरच्या माणसाला वर चढायला शिडीही लागते. ती १ मे १९६२ रोजी उभी राहिली. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने केलेल्या कायद्यातून त्या दिवशी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. वहीचा हिशेब नीट ठेवणाऱ्याला गावाबाहेरचा हिशेब शिकायची जागा मिळाली.

भरवसा एका उन्हाळ्यात तयार होत नाही, याचं सर्वात मोठं उदाहरण म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्याच सांगोल्याचे गणपतराव देशमुख. शेतकरी कामगार पक्षाकडून ते १९६२ साली पहिल्यांदा आमदार झाले आणि एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आले. मला त्यांचे दोन पराभव जास्त शिकवतात, १९७२ चा आणि १९९५ चा. दोन्ही वेळा लोकांनी त्यांना घरी बसवलं, दोन्ही वेळा ते त्याच दुष्काळी गावांतून, त्याच पाण्याच्या प्रश्नासाठी फिरत राहिले आणि परत आले. १९९३ साली आटपाडीत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने पाणी संघर्ष परिषद सुरू झाली. तेरा दुष्काळी तालुक्यांना समन्यायी पाणी मिळावं ही तिची मागणी. गणपतरावही त्या लढ्यात होते. आमदार झाल्यावरही एसटीने प्रवास करणारा हा माणूस लोकांना सीटवर शेजारी बसलेला दिसायचा. भेटायला वेळ घ्यावी लागत नसे.

बायकांच्या बाबतीत शिडीचं महत्त्व आणखी कळतं. राजस्थान आणि पश्चिम बंगालच्या पंचायतींचा अभ्यास करून राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ साली मांडलं, की आरक्षणातून आलेल्या महिला सरपंच पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च करतात. हंड्याचं वजन त्यांना ठाऊक असतं. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखीव आहेत.

तोंडाची जागा स्वतः न धरण्याची रीत चारीबाहेरही दिसते. माढा तालुक्यातल्याच परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना देऊन टाकली.

जुलैत पुण्याकडे पाऊस लागतो, दौंडहून धरणात येणारा विसर्ग वाढतो आणि पाणी उलट्या दिशेने, काठाकडे चढू लागतं. उन्हाळाभर खोदलेली चारी एका रात्रीत बुडते. आता धांदल मोटारी वर काढायची. चारीवरचा तो माणूस वही उघडून एकेका नंबरवर फोन लावतो. ज्याचा पोरगा पुण्याला कामाला आहे आणि घरी म्हातारेच आहेत, त्याची मोटार दोघा-तिघांना घेऊन तो आधी वर काढतो. स्वतःच्या मोटारीकडे वळेपर्यंत पाणी गुडघ्याला लागलेलं असतं.