इतिहास-शिक्षण, आंतरविद्याशाखीय

विद्यापीठातील इतिहासाच्या विद्यार्थ्यास पुरातत्त्व, मानवशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, विधी इ. विद्याशाखांच्या साहाय्याने अध्ययन करावयास लावणारी आणि त्याबरोबरच अभिलेखागार, वस्तुसंग्रहालय, उत्खननस्थळ किंवा शासकीय कार्यालय येथे ठरावीक काळ प्रत्यक्ष काम करावयास लावणारी शिक्षणपद्धती. या प्रत्यक्ष कामास उमेदवारी किंवा, वैद्यकातील संज्ञेस अनुसरून, आंतरवासिता असे म्हणतात.

इतिहासाच्या सीमा ओलांडण्याची कल्पना या अभ्यासक्रमांहून जुनी आहे. मार्क ब्लॉक व ल्यूस्यँ फेव्हर यांनी १९२९ मध्ये फ्रान्समध्ये आनाल हे नियतकालिक सुरू केले. भूगोल, समाजशास्त्र व अर्थशास्त्र यांच्याशी इतिहासाचा सांधा जोडणे, हा त्यामागील हेतू होता. तथापि ही चळवळ मुख्यतः संशोधकांची होती. विद्यार्थ्याने विद्यापीठाबाहेर जाऊन काम करावे, हा विचार पुढे वेगळ्याच कारणाने बळावला. १९७० नंतर अमेरिकेत इतिहासातील डॉक्टरेट मिळविणाऱ्यांच्या मानाने अध्यापकांच्या जागा फार कमी पडू लागल्या. या परिस्थितीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँता बार्बरा येथील शाखेत रॉबर्ट केली व वेस्ली जॉन्सन यांनी १९७६ मध्ये ‘सार्वजनिक इतिहास’ हा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. केली यांनी कॅलिफोर्नियातील पूर व पाणी यांविषयीच्या खटल्यांत इतिहासतज्ज्ञ म्हणून काम केले होते. नदीचे पात्र कोणी व केव्हा बांधून काढले, या प्रश्नाचे उत्तर जुन्या कागदांत असते. परंतु ते शोधणाऱ्यास कायदा व जलशास्त्र यांची भाषा थोडीतरी समजावी लागते. म्हणूनच या अभ्यासक्रमात उमेदवारीस महत्त्वाचे स्थान देण्यात आले. द पब्लिक हिस्टॉरियन हे या विषयाचे नियतकालिक १९७८ पासून निघू लागले.

या पद्धतीवरील सर्वांत गंभीर आक्षेपही येथूनच उद्‌भवला. विद्यापीठातील संशोधक स्वतःचा प्रश्न स्वतः निवडतो. उमेदवाराचा प्रश्न मात्र त्याला काम देणारी संस्था ठरविते. पुरावा त्या संस्थेच्या विरुद्ध गेला, तर तो प्रसिद्ध व्हावा की नाही? या क्षेत्रातील व्यावसायिक संघटनांनी आचारसंहिता केल्या असल्या, तरी हा पेच पूर्णपणे सुटलेला नाही. मात्र तो वर्गात नुसता समजावून सांगण्यापेक्षा उमेदवारीच्या काळात अध्यापकाच्या देखरेखीखाली विद्यार्थ्याच्या अनुभवास आलेला बरा.

भारतात ‘सार्वजनिक इतिहास’ ही संज्ञा रुळण्यापूर्वीच पुण्याच्या डेक्कन कॉलेजात याच धर्तीचे शिक्षण चालू होते. १९३९ मध्ये तेथे ह. धी. सांकलिया व समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे हे दोघेही अध्यापक म्हणून आले. गुजरातेतील लांघणज येथील संशोधनात दोघांनी एकत्र काम केले. पुढे तेथे प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूविज्ञान व रसायनशास्त्र यांच्या प्रयोगशाळा पुरातत्त्वाच्या जोडीने उभ्या राहिल्या. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथील उत्खनन (१९६८–८३) हे या पद्धतीचे उत्तम उदाहरण होय. अनेक हंगाम चाललेल्या या उत्खननात विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या तयार झाल्या. खापरांची प्रतवारी, थरांची नोंद, जळक्या धान्याचे दाणे वेचणे, हाडे वेगळी काढणे ही कामे कंटाळवाणी खरी. परंतु निष्कर्ष त्यांवरच उभा राहतो. इ. स. पू. सु. १००० नंतर येथील चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली आणि पशुपालन व शिकार यांवरील भर वाढला. याचे कारण हवामान कोरडे होत जाणे हे असावे, असे म. के. ढवळीकर यांनी प्रतिपादिले. त्यावर पुढे आक्षेपही घेण्यात आले. परंतु घराचा पाया, धान्याचा दाणा व जनावराचे हाड या तिन्ही पुराव्यांची एकत्र छाननी केल्याखेरीज हा वाद मुळात उपस्थितच झाला नसता.

कागदपत्रांच्या क्षेत्रात अशी सोय पुष्कळ कमी आहे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. ते साहाय्यकांच्या हाताखालच्या कामावाचून शक्य नव्हते. मात्र अशा कामास विद्यापीठीय शिक्षणाचा भाग मानण्याची प्रथा तेव्हा पडली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर (२०२०) ही स्थिती बदलू लागली. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प यांसाठी श्रेयांक ठेवले आहेत. श्रेयांक मिळतात म्हणून विद्यार्थी संस्थेत जातो, आणि संस्थेस विनावेतन मनुष्यबळ मिळते. काम नेमून देणारा जाणकार तेथे नसेल, तर त्याचा वेळ याद्या उतरविण्यात जातो. शिवाय काही महिने विनावेतन काम करणे ज्यांना परवडते, त्यांनाच अशी संधी खऱ्या अर्थाने खुली राहते.

मराठी मुलखापुरती आणखी एक अडचण आहे, ती लिपीची. पुणे, मुंबई व कोल्हापूर येथील पुराभिलेखागारांत, तसेच तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचा फार मोठा साठा आहे. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षणवर्ग घेतले जातात. तथापि इतिहासाच्या बहुसंख्य पदवीधरांस ही लिपी वाचता येत नाही. अशा उमेदवारास रुमाल सोडता येतो, कागद झाडून पुसून क्रमवार लावता येतात आणि रुमाल पुन्हा बांधून ठेवता येतो. मात्र गावाचा तंटा, पाटाच्या पाण्याची वाटणी किंवा दुष्काळातील सूट यांविषयी त्या कागदात काय लिहिले आहे, हे त्याला दुसऱ्याकडूनच ऐकावे लागते.