माळवदावरचे ओझे

वैशाख सरत आला आणि मृग दोन-तीन आठवड्यांवर येऊन ठेपला, की लातूर-नांदेडकडील जुन्या घरांत एक काम ठरलेले असे. घरधनी धाब्यावर चढे, पांढरी माती पसरी, पाणी शिंपडून ती चोपी आणि पावसाळ्याची काळजी मिटली असे समजे. गळते तेथे माती टाकावी, हा उपाय पिढ्यान् पिढ्या चालत आला. त्याच उपायाचा थोडा हिशेब आज आम्हांला मांडावयाचा आहे.

प्रथम माळवदाचे गुण सांगितले पाहिजेत; कारण ते बांधणारी माणसे अडाणी नव्हती. खांबांवर तुळया, तुळयांवर सर, त्यांवर फळ्या किंवा फोडलेले लाकूड, वर पाला किंवा तुराट्या आणि सर्वांवर मातीचा थर, अशी ही रचना. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा वेळी दुपारचे ऊन मातीच्या जाड थरातून खाली उतरावयास कित्येक तास लागतात. ते खाली पोचेपर्यंत रात्र पडते आणि बाहेरची हवा निवते. मातीची निवडही विचारपूर्वक केलेली होती. शेतातील काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. गावठाणातील पांढरी माती तशी फाटत नाही आणि चोपल्यावर घट्ट बसते. म्हणून छपरावर पांढरीच हवी.

मग चूक कोठे झाली? जुनी माती न काढता नवी टाकीत गेलो, येथे. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशी एक खोली घ्या. तिच्यावर वर्षाला अर्धा इंच माती टाकली, तर ती जवळजवळ दोन क्विंटल भरते. एवढ्याने काही बिघडत नाही, असे कोणीही म्हणेल. परंतु चोवीस वर्षांत हा थर एक फुटाचा होतो आणि त्याचे वजन साडेचार टनांच्या घरात जाते. म्हणजे ज्वारीची शंभर किलोंची पंचेचाळीस पोती आपण डोक्यावर रचून खाली निजतो! पावसात माती भिजली म्हणजे हे ओझे आणखी वाढते. दोन फुटांचा थर झालेली माळवदे काही दुर्मिळ नव्हती.

या हिशेबाचा अर्थ 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे सर्वांना कळला. गणेशविसर्जनाची रात्र नुकतीच सरत होती. चार वाजण्यास काही मिनिटे असताना किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली. भूकंपाची तीव्रता सुमारे 6.2 होती, जगात याहून मोठे भूकंप अनेक झाले, पण त्यांतील कित्येकांत इतकी माणसे दगावली नाहीत. येथे माणसे जमिनीने मारली नाहीत, घरांनी मारली. भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, पण आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन पदर वेगवेगळे, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड बहुधा नाहीच. वस्तू जितकी जड, तितका भूकंपात तिला बसणारा हिसका मोठा. त्या हिसक्याने भिंतींचे पदर सुटले आणि तुळया जेथे थेट भिंतींवर टेकलेल्या होत्या, तेथे वरची सारी माती निजलेल्या माणसांवर आली. उलट, जेथे छप्पर लाकडी खांबांवर नीट पेललेले होते, अशा काही घरांत भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिला.

ही गोष्ट केवळ किल्लारीची नव्हे. मार्च 2024 मध्ये हिंगोली परिसरात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला व तो नांदेडातही जाणवला. त्या वेळी, पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड काढून घ्यावेत, असे आवाहन प्रशासनाने लोकांना केले. ओझे माती असो की दगड, न्याय एकच.

तर मग जुन्या घरात राहणाऱ्याने करावे काय? छप्पर गळू नये, तापू नये आणि जडही होऊ नये, या तिन्ही गोष्टी एकत्र साधता येतात. पावसाळ्याआधी, कोरड्या दिवसांत जुनी माती काढून थर सहा इंचांच्या आसपास आणावा. ती सगळीकडून सारखी काढावी. एका कोपऱ्यात ढीग करू नये. मग तुळयांची टोके, विशेषतः भिंतीत गेलेली, सळईने टोचून पाहावीत. वाळवी लागलेले किंवा कुजलेले लाकूड आधी बदलावे. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे लाकडी टेकू घट्ट बसवावेत. उरलेल्या मातीपैकी खालचा थर चाळून, खडे वेचून सपाट करावा व त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा. कागदाचे जोड एकमेकांवर हातभर चढवावेत आणि कडा कठड्याच्या भिंतीला वर वळवाव्यात. त्यावर भुसा घालून मळलेली पांढरी माती बसवावी आणि दहा फुटांना तीन इंच असा पन्हळीकडे उतार ठेवावा. पन्हळी भिंतीपासून दीड-दोन फूट बाहेर काढाव्यात. छपराचे पाणी भिंतीत मुरले, तर आतली माती वाहून जाते आणि दगड मोकळे होतात. म्हणजे गळके छप्पर भिंतही पोखरते. शेवटी वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. माती कमी केल्याने उन्हाला जो वाव मिळेल, तो पांढरा रंग बराचसा परतवून लावतो. चुना पावसाने धुतला जातो; म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडी माती टाकण्याऐवजी चुना लावण्याची सवय करावी.

एक मोह मात्र टाळावा. गळती कायमची थांबेल म्हणून पुष्कळजण मातीवरच सिमेंटचा कोबा करतात. आमच्या त्याच खोलीवर दोन इंचांचा कोबा म्हणजे आणखी सुमारे एक टन वजन. खालची माती आणि लाकूड हलते, कोबा तडकतो, पाणी भेगेतून आत जाते आणि वरून दिसत नाही. भिंतींत आरपार दगड बसविणे वगैरे कामे मात्र जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावीत.

भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसली आणि तेथे काँक्रीटची घरे उभी राहिली. ती उन्हाळ्यात तापतात, ही तक्रार खरी आहे. त्यांनाही हाच पांढरा हात उपयोगी पडतो. पण जुन्या माळवदांखाली अजूनही माणसे निजतात. पूर्वजांनी आपल्याला थंड सावली दिली, तिचा मान ठेवावा. मात्र यंदा माळवदावर चढाल, तेव्हा घमेले भरून वर नेऊ नका. भरून खाली आणा.